घर तारखेवर चालतं: पैशाचे प्रश्न, वाचकांची पत्रं

या वेळी क्रिकेटवर पैसे लावण्याबद्दल इतकी पत्रं आलीत की विमा आणि भिशीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. चार पत्रं निवडली, नावं नेहमीप्रमाणे काढलीत, गावं राहू दिली.

प्रश्न: ताई नमस्कार. मी इचलकरंजीजवळ एका सूतगिरणीत शिफ्ट सुपरवायझर आहे, वय ३२, पगार हातात २६ हजार येतो. घरात बायको, दोन मुलं, आई. गेली दोन वर्षं मी बुकीने दिलेल्या ऑनलाइन आयडीवर क्रिकेट खेळतोय आणि मी काही डोळे झाकून लावत नाही, पिच, टॉस, दव, कुणाचा कुणासमोर काय रेकॉर्ड आहे सगळं वहीत लिहून मग लावतो. गेल्या आयपीएलला ७० हजार निघाले. आता विचार असा आहे की नाइट शिफ्ट करून तब्येत खराब करण्यापेक्षा हेच फुल टाइम केलं आणि महिन्याला ४० हजार जरी निघाले तरी घर आरामात चालेल. परदेशात लोक यावरच जगतात, व्हिडिओ बघितलेत. बायको म्हणते ताईंना विचारा, त्या हो म्हणाल्या तर मी काही बोलणार नाही. म्हणून लिहितोय.

उत्तर: दादा, वहिनींनी माझ्यावर एवढा विश्वास टाकलाय म्हणून उत्तर आधीच देते, नाही. नोकरी सोडू नका. आता का ते सांगते, आणि यात "जुगार वाईट असतो" एवढंच सांगून तुमची बोळवण करणार नाही, तुम्ही अभ्यास करता म्हणताय तर अभ्यासानेच बोलू.

समजा दोन्ही टीम अगदी तोडीस तोड आहेत आणि भाव ९१ पैसे आहे, म्हणजे हजार लावले आणि लागले तर ९१० मिळतात, गेले तर पूर्ण हजार जातात. मधले ९० रुपये हेच बुकीचं दुकान. आता हजाराचे १०० सौदे करा. ५० लागले तर साडेचार हजार तोटा, हे कुणालाही कळतं, पण ५२ लागले तरी ६८० रुपये तोटाच आहे, ५३ लागले की कुठे १२३० रुपये फायदा दिसतो. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येऊनही माणूस तोट्यात असतो आणि त्याला वाटत असतं की आपलं चांगलं चाललंय, कारण "जास्त वेळा लागतंय ना". मी तुम्हाला ५५ देते, १०० पैकी ५५, महिनोन्महिने. भाव काढायला ज्यांनी गणितवाले पगारावर ठेवलेत त्यांच्यासमोर सातत्याने ५५ म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, तरी देते. तर लाख रुपये फिरवले की ५०५० सुटतात. ४० हजार हवेत तर महिन्याला ८ लाख फिरवायला लागतील. पाच हजाराचा एक सौदा धरला तर १६० सौदे, रोजचे पाचाहून जास्त, एकही सुट्टी न घेता.

इथे थांबून विचार करा. आयपीएल दोन महिन्यांची, मॅच ७४. तुमची वही त्या टीमची आहे, त्या ग्राउंडची आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १६० सौदे कुठून आणणार? मग कुठल्यातरी देशातली कुठलीतरी लीग, ज्यातले चार खेळाडूसुद्धा तुम्हाला माहीत नाहीत, नाहीतर मग सेशन, पुढच्या ओव्हरला किती रन, पुढच्या बॉलला काय, आणि तुमच्या मोबाइलवर मॅच काही सेकंद उशिरा दिसते, भाव हलवणाऱ्याला ती आधी कळलेली असते. तुमचा सगळा अभ्यास तिथे उपयोगाला येत नाही. महिन्याला पैसे "काढायचेच" आहेत म्हटल्यावर माणूस थांबू शकत नाही, आणि अभ्यासाने लावणाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार काय असतं तर न लावता बसणं. नोकरी सोडली की तेच हत्यार गेलं.

अजून पुढे. ५५ टक्केवाला सुद्धा दर महिन्याला ४० हजार घरी आणत नाही. १६० पैकी ८८ लागायला पाहिजेत, पण ८३ लागले, म्हणजे फक्त पाच सौदे इकडचे तिकडे झाले, एक कॅच सुटला, एक पाऊस आला, तर तो महिना ७३५० रुपये तोट्यात जातो. हिशेब करून बघितला तर असा तोट्याचा महिना साधारण चारातून एकदा येतो. वर्षातून तीन. आणि कुठले तीन ते सांगता येत नाही, दिवाळीचा असू शकतो, शाळा सुरू व्हायचा जून असू शकतो, लागोपाठही येऊ शकतात.

दादा, मला खरं हे सांगायचंय. घर रकमेवर चालत नाही, तारखेवर चालतं. ५ तारखेला गाडीचा हप्ता, १० ला दुकानदाराची किराणा उधारी, लाइट बिलाची तारीख, आईच्या गोळ्या संपायची तारीख, मुलांच्या फीचा पहिला टर्म. २६ हजार कमी आहेत हे मला मान्य आहे, पण ते ७ तारखेला येतात आणि ते येणार म्हणून दुकानदार ३० दिवस थांबतो. सट्ट्यात चांगलं वर्ष गेलं तरी पैसा तारीख पाळत नाही. तारीख चुकली की माणूस व्याजाने उचलतो, किंवा पुढच्या मॅचला पाच हजाराच्या जागी वीस लावतो म्हणजे तारखेच्या आत भरून निघेल, आणि ५५ टक्केवाला असला तरी त्या वीस हजाराच्या सौद्याने बुडतो. मी २३ वर्षं सहकारी बँकेत सोनेतारणाच्या काउंटरला होते, तिथे माझ्यासमोर आलेल्या पाटल्या आणि मंगळसूत्रांमागे कितीदा हेच असायचं, की रक्कम मोठी नसायची, तारीख जवळ आलेली असायची.

आणि तुमची वही. राग मानू नका, पण माझ्यासमोर अशी एक वही आलेली आहे. बँकेत असताना शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा आला होता, लांब हिशेबाची वही घेऊन, तुमच्यासारखाच पिच-टॉस लिहिणारा, अक्षर सुंदर. त्याच्या मते तीन सीझनमध्ये तो १ लाख १२ हजार फायद्यात होता आणि त्या जोरावर त्याला कर्ज पाहिजे होतं. मी म्हटलं बस, पासबुक काढू. एकेक एंट्री वहीशी जुळवत गेलो, अर्धा दिवस गेला. खात्यातून गेलेले ४ लाख ८६ हजार, खात्यात आलेले २ लाख ९१ हजार. वही परत नीट बघितली तेव्हा लक्षात आलं, जिंकलेल्या मॅच हिरव्या पेनने पूर्ण लिहिलेल्या आणि काही ओळींत फक्त तारीख आणि टीमची नावं, रकमेचा रकाना कोरा. मी विचारलं हे काय, तर म्हणाला नंतर भरणार होतो. तो मुलगा खोटारडा नव्हता हो, त्या रात्री तो आकडा लिहायला त्याचा हात उठला नाही एवढंच. त्या कोऱ्या रकान्यांत तीन लाखांहून जास्त बसले होते. पासबुक बघताना त्याच्या कपाळाला घाम आलेला मला अजून दिसतो.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगते. बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट काढा, आयडीवाल्याला गेलेले सगळे यूपीआय एका बाजूला, आलेले एका बाजूला, मित्राच्या हातात कॅश दिली असेल तर तीही, आणि वहिनींना शेजारी बसवून बेरीज करा. ७० हजार एका सीझनचे सांगितलेत, बाकीच्या महिन्यांचं पत्रात काही नाही.

आता कायदा, कारण यावर पोट अवलंबून ठेवायचं म्हणताय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्यात बंद, कौशल्याचा असो नाहीतर नशिबाचा, कौशल्याचा खेळ म्हणून आधी जी पळवाट होती ती गेली. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे खरं, पण आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, अड्ड्यावर सापडलं तर तो लागतो. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे, व्हॉट्सॲपवर आयडी देणाऱ्याने तुमचे दोन लाख दिले नाहीत, नंबरच बंद केला, तर जाणार कुठे? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करारच मुळात रद्दबातल, त्याची वसुली कोर्टात होत नाही. अजून एक बघा, तुम्हाला जिंकल्याचे पैसे ज्या खात्यातून येतात ती कुणाची भाड्याची खाती असतात, त्यात कुणाच्यातरी फसवणुकीचे पैसे फिरलेले निघाले की सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून पुढची खातीही गोठवली जातात. तुमचा पगार त्याच खात्यात येत असेल तर ७ तारखेला एटीएममधून काहीच निघणार नाही.

परदेशातले लोक म्हणालात. आहेत, खरंच आहेत. टोनी ब्लूम, ब्रायटन फुटबॉल क्लबचा मालक, सट्ट्यातूनच मोठा झाला. ब्रेंटफर्डचा मालक मॅथ्यू बेनहॅम, तो ऑक्सफर्डला फिजिक्स शिकलेला. हाँगकाँगच्या रेसवर बिल बेंटरने कॉम्प्युटर मॉडेल बनवून अमाप कमावलं, पण पहिली काही वर्षं त्याचाही तोटाच होता. या माणसांकडे बघितलं तर ते घरी बसून मोबाइलवर लावणारे नाहीत, त्यांच्या कंपन्या आहेत, पगारी गणितज्ञ आहेत, प्रत्येक मॅचचा डेटा भरणारी माणसं आहेत, आणि तोट्याचं वर्ष पचवायला भांडवल आहे. तुम्ही ज्यांचे व्हिडिओ बघितलेत त्यांच्यातले बरेच जण टिप विकून कमावतात. त्याची युक्ती सांगते. हजार जणांना मेसेज करायचा, निम्म्यांना सांगायचं ही टीम, निम्म्यांना ती. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांना परत निम्मे निम्मे. पाच मॅचनंतर तीसेक माणसं उरतात ज्यांच्यासमोर याने सलग पाच बरोबर सांगितलेत. ती माणसं मग सहावी टिप घ्यायला पैसे देतात, उसने काढून देतात.

तुमची नोकरी पण एकदा मोजा. पीएफमध्ये तुमच्याइतकेच कंपनी टाकते, ग्रॅच्युइटी आहे, स्लिप आहे म्हणून उद्या घरासाठी कर्ज मिळेल. नाइट शिफ्टचा त्रास खरा आहे, त्याबद्दल मला तुमची काळजी वाटते, जनरल शिफ्टसाठी अर्ज द्या, दुसऱ्या गिरणीत बघा. आणि क्रिकेटचं एवढं वेड आहे, वही एवढी नीट ठेवता, तर स्कोअरिंग शिका. राज्य संघटना पंचांच्या आणि स्कोअररच्या परीक्षा घेतात, रविवारच्या टुर्नामेंटला स्कोअररला मानधन मिळतं. कमी असतं, पण ते घरात आल्यावर कुणाला परत द्यावं लागत नाही.

प्रश्न: मी निवृत्त आहे, पुण्यात राहतो. तुम्ही सगळ्यांना बेकायदेशीर म्हणून घाबरवता पण रेसकोर्सवरचं बेटिंग तर कायदेशीर आहे, सुप्रीम कोर्टाने कौशल्याचा खेळ म्हटलंय. माझ्या मुलाला पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असं वर्षभर करता येईल की, टॅक्स भरून, पांढरं उत्पन्न. चूक काय?

उत्तर: काका, कोर्टाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, १९९६ चा निकाल आहे, आणि रेसकोर्सवर लायसन्स असलेल्या ठिकाणी लावलं तर गुन्हा नाही. अडचण टॅक्सचीच आहे. वरच्या दादांचंच गणित घ्या, १६० सौदे, ८८ लागले, ७२ गेले. लागलेल्यांचे मिळाले ४ लाख ४०० रुपये, गेलेल्यांचे गेले ३ लाख ६० हजार, खरे सुटले ४० हजार ४००. पण बेटिंगच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के इन्कम टॅक्स आहे, वर सेस, आणि हरलेली तिकिटं त्यातून वजा करता येत नाहीत, प्रवास-फॉर्मबुक कसलाच खर्च धरता येत नाही, साध्या उत्पन्नाला जी करमुक्त मर्यादा असते तीही याला नाही. म्हणजे टॅक्स ४० हजारावर नाही, ४ लाखांवर. सव्वा लाखाच्या आसपास. सुटलेल्या पैशाच्या तिप्पट टॅक्स भरायचा. त्यात लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी, आधी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, आणि टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या लावलेल्या पैशांच्या एकत्र गल्ल्यात, क्लबचा वाटा आधी कापून मग उरलेलं वाटतात. मुलाने प्रामाणिकपणे सगळं दाखवलं तर त्याच्या हातात उणे येतं. न दाखवता केलं तर मग ते पांढरं उत्पन्न राहत नाही, ज्यासाठी तुम्ही हा मार्ग सुचवताय.

तुम्हाला घोड्यांची आवड असेल आणि पेन्शनमधून महिन्याला ठरवून हजार रुपये तुम्ही त्यावर खर्च करत असाल, नाटक-सिनेमासारखे, तर त्याला माझी काहीच हरकत नाही. मुलाचा संसार त्यावर उभा करू नका.

प्रश्न: ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला. माझा धाकटा दीर आमच्याकडे राहतो, वेअरहाऊसची नोकरी सोडून बेटिंग करतोय. म्हणतो इकडे सगळं लीगल आहे, टॅक्स नाही, कंपन्या नवीन खात्याला ऑफर देतात त्यातून त्याने पहिल्या दोन महिन्यांत १२०० पाउंड काढले, ते मी स्वतः बघितलेत. मिस्टर म्हणतात करू दे. मला पटत नाही पण उत्तरही देता येत नाही.

उत्तर: तुमच्या दीराचं एक बरोबर आहे, तिकडे लावणाऱ्याला जिंकलेल्यावर टॅक्स नाही. २००१ पर्यंत पैजेवर ९ टक्के कर होता, तो काढला. आणि १२०० पाउंडही खरे असतील. ऑफरचे पैसे घ्यायचे, एका ठिकाणी एका टीमवर आणि एक्स्चेंजवर, जिथे लोक एकमेकांविरुद्ध लावतात, उलट्या बाजूला लावायचं, म्हणजे कोण जिंकलं तरी ऑफरमधले थोडे हातात राहतात, हे बरेच लोक करतात. पण हे पैसे त्याच्या अंदाजाचे नाहीत, कंपनीने गिऱ्हाईक ओढायला दिलेले आहेत, आणि नवीन खातं एका कंपनीत एकदाच निघतं. ऑफर संपतात. मग तो स्वतःच्या अंदाजाने लावायला लागतो, आणि तिथे दोनच रस्ते आहेत. हरत राहिला तर कंपनी त्याला ठेवते, बोनस देते. सतत जिंकायला लागला तर कंपनी त्याची मर्यादा कमी करते, काल शंभर पाउंड घेत होते ते आज दोन-तीन पाउंडाच्या वर घेत नाहीत, आणि हे तिकडे कायद्याने चालतं. आपल्याकडे कुठला दुकानदार सांगतो का हो की तू फार चांगला माल ओळखतोस, तुला माल देणार नाही? तिथे सांगतात. मग कुणी दुसऱ्याच्या नावाने खाती उघडतं. ताई, इथे सावध राहा, तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावाने, तुमच्या पत्त्याच्या कागदांवर खातं उघडू देऊ नका, एकदाही नाही.

आणि टॅक्स नाही याची दुसरी बाजू अशी की दाखवायला कागदही नाही. पगाराची स्लिप नाही, पेन्शनमध्ये काही जात नाही, उद्या त्याला स्वतःचं घर भाड्याने घ्यायचं म्हटलं तर मालक विचारणार काम काय करता. त्याला शांतपणे एवढंच विचारा की ऑफर बाजूला काढून तुझा तिसऱ्या आणि चौथ्या महिन्याचा आकडा दाखव. थांबायची त्याची इच्छा झाली तर तिकडे सोयी आपल्यापेक्षा चांगल्या आहेत. गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की लायसन्सवाल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना त्याला बंद करावं लागतं, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, मध्येच मन बदललं तरी उघडत नाही. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे पेमेंट बंद करायचं बटण असतं. २०२० पासून क्रेडिट कार्डाने लावता येत नाही, पण कर्ज काढून खात्यात टाकून लावता येतं, त्यामुळे तो पर्सनल लोनचं बोलतोय का ते ऐकत राहा. हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३, फुकट आहे, आणि घरचे लोकही फोन करू शकतात, तुम्ही स्वतःसुद्धा.

प्रश्न: ताई, हे पत्र चोरून लिहितेय. डोंबिवलीत राहतो, मिस्टर खाजगी कंपनीत. वर्षभरात चार लोन ॲप, मित्रांकडून उसने, आणि कपाटात माझ्या पाटल्या नाहीत. विचारलं तर म्हणाले ठेवल्यात सुरक्षित. आता म्हणतात तुझी एफडी मोड, एक मोठी मॅच लागली की सगळं फेडतो, परत कधी नाही, मुलीची शपथ. माणूस वाईट नाही हो, कधी हात उचलला नाही. शेवटचं म्हणून देऊ का?

उत्तर: देऊ नका. माणूस वाईट नाही हे मी मानते, शपथही त्या क्षणी खरीच असते, तरी देऊ नका. हरलेलं खेळूनच भरून काढायचं, हे त्या आजाराचं लक्षणच आहे, आणि आजार म्हणतेय ते समजूत घालायला नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. तुमची एफडी दिली तर ती फेडायला जाणार नाही, मॅचला जाईल. त्यांनाही ते कळत असतं आणि तरी थांबता येत नाही, म्हणून ओरडून, रडून, मोबाइल हिसकावून उपयोग होत नाही. १४४१६ वर फोन करा, टेलीमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आधी तुम्ही करा. तुमचीही झोप उडालेली आहे हे पत्राच्या अक्षरावरून कळतं मला.

एक गोष्ट सगळ्यात आधी. ते कधी "मी गेलो तर विम्याचे तरी मिळतील" असं काही बोलले, चेष्टेत जरी, तर ती चेष्टा समजू नका. त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, सासरे, भाऊ, शेजारचे काका, कुणालाही बोलवा, लाज बाजूला ठेवा.

पैशाचं असं करा. त्यांना विश्वासात घेऊन क्रेडिट रिपोर्ट काढायला लावा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, कुठल्या ॲपचं, कुठल्या बँकेचं किती कर्ज आहे ते त्यात एका जागी दिसतं. जे ॲप रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीकृत कंपनीचं आहे त्याचं देणं खरं आहे, त्यांच्याशी बोलून हप्त्यांची मुदत वाढवून घेता येते. ज्याच्या मागे कुठलीच नोंदणीकृत कंपनी नाही आणि जे नातेवाइकांना फोन करून धमक्या देतात त्यांची तक्रार सायबर हेल्पलाइनला, १९३० वर. बुकीचं देणं मात्र कोर्टात वसूल होऊ शकत नाही, दारात माणसं आली तर सरळ पोलीस स्टेशन, "आम्हालाच आत टाकतील" या भीतीने तिथे पैसे भरत बसू नका. पगार तुमच्या जॉइंट खात्यात यायला हवा आणि कार्ड काही महिने तुमच्याकडे, हे त्यांनी स्वतःहून मान्य केलं तरच टिकतं, म्हणून चांगल्या दिवशी बोला, हरल्याच्या दिवशी नाही. कुठल्याही कागदावर जामीनदार म्हणून सही करू नका, भावाला आणि वडिलांनाही सांगून ठेवा, ते तुमच्या मायेपोटी करतील.

आणि पाटल्या. त्या विकल्या नसतील, गहाण असतील, असं मला वाटतं, कारण पहिल्यांदा माणूस सोडवायच्या बोलीवरच ठेवतो. तारणाची पावती असते, त्यावर वजन, रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. ती पाकिटात, ऑफिसच्या बॅगेत, गाडीच्या कागदांत कुठेतरी सापडेल. नाहीच सापडली तर "कुठे ठेवल्या ते सांगा, मी भांडणार नाही, मला फक्त मुदत बघायचीय" एवढंच म्हणा. मुदत संपली की लिलावाची नोटीस येते, आणि ती मिस्टरांच्या नावाने, त्यांनी दिलेल्या पत्त्यावर येते, तो पत्ता ऑफिसचाही असू शकतो. एफडी मोडायचीच वेळ आली तर ती याच्यासाठी मोडा, तुम्ही स्वतः त्या काउंटरला जाऊन, पैसे तुमच्या हाताने भरून, पाटल्या तुमच्या हातात घेऊन. मिस्टरांना बरोबर न्या, पण पैसे त्यांच्याकडे देऊन पाठवू नका. पावती मिळाली की मला मुदतीची तारीख कळवा, व्याज किती झालं असेल ते मी हिशेब करून पाठवते.